सांधेदुखीवरील एक चिनी काढा

मनुष्य दोन पायांवर उभा राहिला, त्याचे हात मोकळे झाले आणि त्या मोकळ्या हातांनी त्याने संस्कृती उभारली, असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. या पराक्रमाचा भार कोणी वाहिला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तो वाहिला कंबरेने आणि गुडघ्यांनी. चार पायांवर वाटला जाणारा देहाचा बोजा दोन पायांवर आला. म्हणून पन्नाशी ओलांडली की जिना चढताना कठड्याकडे हात जातो, आणि पाटावरून उठताना तोंडातून 'अगं आई गं' निघते. व्याख्यानाला येणाऱ्या मंडळींपैकी किती जण सतरंजी सोडून खुर्चीच्या शोधात लवकर येतात, एवढे पाहिले तरी या दुखण्याचा प्रसार ध्यानात यावा.

जे दुखणे इतके सार्वत्रिक, त्यावर प्रत्येक देशाने आपापल्या रानात औषध शोधले, यात नवल नाही. आपल्याकडे निर्गुडीचा शेक आहे, महारास्नादि काढा आहे, गुग्गुळ आहे. चीनमध्ये असाच एक काढा तेराशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेला आहे. त्याचे नाव दूह्वो-जीशंग-थांग. पैकी 'थांग' म्हणजे काढा, आणि पहिली दोन नावे त्यातील दोन मुख्य वनस्पतींची. आज तो गोळ्यांच्या व चूर्णाच्या रूपाने अनेक देशांत विकला जातो. 'हाडे व सांधे बळकट करणारी प्राचीन चिनी वनौषधी' अशा शब्दांत जी जाहिरात होते, तिच्यामागे पुष्कळदा हा किंवा याच्या जातकुळीतला एखादा योग असतो. तेव्हा हा काढा मुळात काय आहे, तो कशासाठी सांगितला गेला आणि आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर त्याचे काय होते, याचा विचार करणे उपयोगाचे ठरेल.

ग्रंथ आणि ग्रंथकार

या काढ्याचा पाठ ज्या ग्रंथात आढळतो तो सुन सिम्याओ या वैद्याने इसवी सन ६५२ च्या सुमारास पुरा केला. काळ थांग राजवंशाचा. आपल्या परिचयाच्या खुणेने सांगायचे तर, पुलकेशीच्या राज्यात येऊन महाराष्ट्राचे वर्णन करून गेलेला प्रवासी ह्युएनत्संग ६४५ साली चीनला परतला, त्यानंतरची ही सातआठ वर्षे. सुन सिम्याओ हा आजच्या शान्शी प्रांतातला. लहानपणी तो फार आजारी असे, आणि औषधपाण्यापायी घरचे द्रव्य खर्ची पडले, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. पुढे लोकांनी त्याला 'औषधांचा राजा' ही पदवी दिली. ६८२ साली तो वारला.

त्याच्या ग्रंथाचे नाव मोठे अर्थपूर्ण आहे. त्याच्या नावात 'सहस्र सुवर्ण' असे शब्द आहेत. माणसाचा एक जीव हजार मोहरांहून मोलाचा, आणि एका योगाने तो वाचवता आला तर त्या योगाचे मोल त्याहूनही अधिक, ही त्यामागची कल्पना. वैद्याने रोगी गरीब की श्रीमंत, आपला की परका, सुरूप की कुरूप हे पाहू नये, असा उपदेशही त्याने ग्रंथारंभी केला आहे. हा मनुष्य भोंदू नव्हता. त्याचा योग हसण्यावारी नेता येत नाही. तो नीट समजून घेतला पाहिजे.

पाठदुखी व कंबरदुखी कशाने होते याचे त्याने दिलेले उत्तर थोडक्यात असे: मूत्रपिंडाची शक्ती क्षीण झालेली असते, आणि अशा अवस्थेत मनुष्य थंड व ओलसर जमिनीवर निजतो, वारा अंगावर घेतो, त्यातून हे दुखणे जडते. वेळीच उपाय झाला नाही, तर ते कंबरेतून गुडघ्यांत उतरते आणि पाय लुळे व बधिर होतात.

चिनी वैद्यकात अशा दुखण्याला 'पी' म्हणतात. या शब्दाचा अर्थ अडथळा, तुंबारा. वारा, थंडी आणि ओल ही तिन्ही एकत्र येऊन शरीरात शिरली की रक्ताचा व प्राणशक्तीचा प्रवाह तुंबतो, आणि जेथे तुंबतो तेथे दुखते, ही त्यांची उपपत्ती. तिच्या जोडीला दुसरे सूत्र असे की, मूत्रपिंड हाडांचा स्वामी आणि यकृत स्नायुबंधांचा स्वामी. ते दोन दुबळे झाले की हाडे व सांधे उघडे पडतात. आयुर्वेदाची उपपत्ती वेगळ्या शब्दांत आहे; पण अस्थी हे वाताचे स्थान, आणि थंडीपावसात वात कोपतो, ही आपली धारणा ऐकलेल्या माणसाला चिनी वैद्याचे बोलणे अगदीच परके वाटू नये. दोघांनीही एकच गोष्ट पाहिली होती: म्हातारपणी, थकलेल्या देहात, गारठ्यात सांधे धरतात.

पंधरा वनस्पतींची मांडणी

आता काढा पाहू. त्यात पंधरा द्रव्ये आहेत. दूह्वोचे तीन भाग आणि बाकी चौदांचे प्रत्येकी दोन भाग. दहा मापे पाण्यात ती उकळून तीन मापे उरवायची, त्याचे तीन घोट करायचे आणि काढा घेतल्यावर अंग उबदार ठेवायचे.

या पंधरांची फौज कशी उभी केली आहे हे पाहण्यासारखे आहे. दूह्वो हे एका अँजेलिकाचे मूळ. ही वनस्पती आपल्या ओवा, बडीशेप आणि कोथिंबीर यांच्या कुळातली. नावाचा शब्दशः अर्थ 'एकटा जगणारा'. वारा आला तरी ही हलत नाही आणि वारा नसताना आपोआप हलते, असे जुन्या चिनी निघंटूंत म्हटले आहे. जी वाऱ्याला दाद देत नाही ती वाताच्या रोगावर चालेल, हा तर्क कवीला शोभणारा आहे. पण अनुभवाला नाव देताना माणूस अशीच प्रतिमा शोधतो. त्याच कुळातली दुसरी वनस्पती फांगफंग. तिच्या नावाचाच अर्थ 'वाऱ्यापासून रक्षण'. त्यांच्या जोडीला चिन्-ज्याव हे जेन्शनचे मूळ, शीशिन् हे तिखट, बारीक मूळ, आणि दालचिनी. दालचिनी हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि त्याचा अर्थ 'चिनी लाकूड' असा आहे. ही पाच द्रव्ये शत्रूला बाहेर घालवणारी.

दुसरी तुकडी हाडांची व कंबरेची. तीत जीशंग, म्हणजे तुतीच्या झाडावर वाढणारे बांडगूळ. आपल्या आंब्यावर जे बांडगूळ दिसते त्याच कुळातले हे. दुसरे तू-चुंग या झाडाची साल. ही साल मोडून दोन तुकडे ओढले की मधे पांढरे रेशमी तंतू ताणले जातात; ते गट्टापर्चा या रबरासारख्या पदार्थाचे असतात. तुटले तरी धरून ठेवणारी ही साल हाडे जोडून धरील, असे जुन्यांना वाटले असल्यास नवल नाही; शिवाय खरा माल ओळखण्याची ती आजही चांगली खूण आहे. तिसरे न्यू-शी, म्हणजे 'बैलाचा गुडघा'. या झाडाची पेरे गुडघ्यासारखी फुगलेली असतात. हा आपल्या आघाड्याचा सख्खा भाऊ. गणपतीच्या पत्रीसाठी आघाडा खुडताना त्याच्या काडीकडे नीट पाहावे, म्हणजे चिनी शेतकऱ्याने हे नाव का दिले ते कळेल.

उरलेली सात द्रव्ये देहाला बळ देणारी. रक्त भरून काढण्यासाठी तांग-ग्वे, छ्वान-श्युंग, पिअनीचे मूळ आणि ती-ह्वांग. ही चार एकत्र केली की चिनी वैद्यकातला स्त्रीरोगांवरचा एक प्रसिद्ध काढा होतो. शक्तीसाठी जिन्सेंग, देवदारासारख्या चीड वृक्षांच्या मुळांवर वाढणारी फू-लिंग ही बुरशी, आणि आपले ज्येष्ठमध.

ही मांडणी ध्यानात आली म्हणजे सुन सिम्याओच्या बुद्धीविषयी आदर वाटतो. केवळ वेदना मारणारे औषध त्याने दिले नाही. निम्मी फौज रोगावर आणि निम्मी रोग्याच्या दुबळेपणावर, असा त्याचा विचार आहे. जुनाट दुखण्याचा, थकलेल्या, गारठा न सोसणाऱ्या माणसासाठी हा काढा आहे. ज्याचा सांधा लाल होऊन तापला आहे, ज्याला ताप आहे, त्याला चिनी वैद्य हा काढा देत नाही. त्याच्यासाठी वेगळे योग आहेत. म्हणजे मूळ परंपरेतसुद्धा 'सांधेदुखीवर एक औषध' असे काही नव्हते. अमुक तऱ्हेच्या रोग्याला अमुक औषध, असे होते. बाटलीवरच्या चिठ्ठीत नेमका हाच भाग गळून पडतो.

नाव एक, वनस्पती दोन

जुन्या योगाची पहिली परीक्षा रसायनशाळेत होत नाही. ती काष्ठौषधींच्या दुकानात होते. ग्रंथात जे नाव लिहिले आहे, तीच वनस्पती पुडीत आहे काय, हा पहिला प्रश्न.

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दूह्वो आणि च्यांग-ह्वो ही आज दोन निरनिराळी मुळे मानतात. प्राचीन निघंटूत मात्र ती दोन्ही एकाच नावाखाली होती. न्यू-शी नावाने होनान प्रांतात एक वनस्पती मिळते आणि सच्वान प्रांतात दुसरी. बांडगुळाचे तर आणखी विचित्र. ते स्वतःचे अन्न पुष्कळसे यजमान झाडाकडून घेते, आणि अन्नाबरोबर त्या झाडाचे गुणदोषही घेते. तुतीवरचे बांडगूळ निरुपद्रवी. पण कोरिएरिया नावाच्या विषारी झुडपावर वाढलेल्या बांडगुळात त्या झुडपाचे विष उतरते. सुकवून तुकडे केल्यावर दोन्ही सारखीच दिसतात.

आपण चिन्यांना हसण्याचे कारण नाही. आपल्या महारास्नादि काढ्यातली रास्ना कोणती, यावर आपल्याकडेही एकमत नाही. उत्तरेत प्लुचिया नावाच्या झुडपाला रास्ना म्हणतात, दक्षिणेत कुलिंजनाच्या जातीच्या कंदाला, आणि बंगालमध्ये झाडावर वाढणाऱ्या वांडा या ऑर्किडला. तिघांचेही कूळ निराळे, गुण निराळे.

नावाच्या घोटाळ्याने केवढा अनर्थ होतो, याचे उदाहरण बेल्जममध्ये घडले. ब्रसेल्समधील एका चिकित्सालयात १९९० नंतर स्त्रियांना वजन उतरवण्यासाठी ज्या गोळ्या दिल्या जात, त्यांत फांग-ची नावाचे चिनी मूळ घातले जाऊ लागले. फांग-ची हे चीनमध्ये सांधेदुखी व सूज यांवरचे जुने औषध. वनस्पती आपल्या गुळवेलीच्या कुळातली. प्रत्यक्षात जो माल आला तो क्वांग-फांग-ची, म्हणजे नावात एका अक्षराचा फरक असलेल्या दुसऱ्याच वेलीचा. ही वेल अरिस्टोलोकिया कुळातली. आपल्याकडची सापसन ऊर्फ ईश्वरी याच कुळातली. या कुळात अरिस्टोलोकिक आम्ल नावाचे द्रव्य असते, आणि ते मूत्रपिंडाचा नाश करते.

पन्नाशीही न गाठलेल्या स्त्रिया मूत्रपिंडे निकामी होऊन रुग्णालयात येऊ लागल्या, तेव्हा १९९३ साली डॉक्टरांनी हा प्रकार प्रसिद्ध केला. अखेर शंभरांहून अधिक रुग्ण आढळले. अनेकींना यंत्राने रक्त शुद्ध करून घ्यावे लागले, दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवावे लागले. कहाणी तेथे संपली नाही. निकामी मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या काढून टाकलेल्या ३९ रुग्णांची तपासणी २००० साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १८ जणांत मूत्रमार्गाचा कर्करोग सापडला. गोळ्या केव्हाच बंद झालेल्या होत्या. पण त्या द्रव्याने पेशींच्या बीजातच बिघाड करून ठेवला होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशा वनस्पती माणसात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातल्या आहेत. चीननेही २००३ व २००४ साली या कुळातील तीन औषधे अधिकृत व्यवहारातून काढून टाकली; क्वांग-फांग-ची त्यांपैकी एक.

आपल्या काढ्याशी याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. काढ्यातले शीशिन् हे तिखट मूळ याच अरिस्टोलोकिया कुळातले आहे. त्याच्या पानांत व देठांत हे आम्ल अधिक असते, मुळात बरेच कमी. जुने वैद्य मूळच वापरीत. मधल्या काळात सबंध रोप उपटून वाळवण्याची रीत पडली. २००५ सालच्या चिनी औषधसंहितेने ती बंद करून पुन्हा केवळ मूळ व जमिनीखालचे खोड एवढेच ग्राह्य ठरवले. या मुळाची पूड एका 'छियन'हून, म्हणजे सुमारे तीन ग्रॅमहून अधिक देऊ नये, असा इशारा चिनी वैद्यांत शतकानुशतके चालत आला आहे. शीशिन् हे दोन धारांचे हत्यार आहे, हे त्यांना ठाऊक होते. मूत्रपिंडाच्या क्षीणतेवर म्हणून जो काढा सांगितला, त्यातच मूत्रपिंडाला अपाय करू शकणारे द्रव्य असावे, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. थोड्या दिवसांच्या विषाने लगेच काही दिसत नाही. दिसते तेव्हा पुष्कळ वर्षे लोटलेली असतात. म्हणून 'आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घेतात, कोणाला काही झाले नाही' हा पुरावा येथे लंगडा पडतो. वीस वर्षांपूर्वीच्या काढ्याचा आणि आजच्या मूत्रपिंडाच्या विकाराचा धागा घरगुती अनुभवाला जुळवता येत नाही.

गुण येतो काय?

अपायाची बाजू झाली, आता गुणाची. या काढ्याने दुखणे कमी होते काय? 'आमच्या मामंजींना गुण आला' हे उत्तर पुरेसे नाही. गुडघ्याच्या झिजेचे दुखणे भरतीओहोटीसारखे असते. ते फार वाढले म्हणजे मनुष्य औषध घेतो, आणि भरतीनंतर ओहोटी ठरलेलीच असल्यामुळे श्रेय औषधाला जाते. म्हणून आधुनिक शास्त्र रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करते आणि कोणाला काय दिले हे रुग्णाला व वैद्याला दोघांनाही कळू देत नाही.

अशी एक परीक्षा थायलंडमधील चिआंग माई येथे झाली, आणि तिचे फलित २००४ साली प्रसिद्ध झाले. गुडघ्याच्या झिजेच्या २०० रुग्णांपैकी निम्म्यांना या काढ्याच्या गोळ्या आणि निम्म्यांना डायक्लोफेनॅक हे प्रचलित वेदनाशामक चार आठवडे दिले. दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले. डायक्लोफेनॅकचा गुण लवकर दिसला, चिनी गोळ्यांचा सावकाश. चार आठवड्यांच्या अखेरीस फारसा फरक उरला नाही. किरकोळ त्रास मात्र दोन्ही गटांत सुमारे तीस टक्के लोकांना झाला. 'वनस्पती आहे, तिला दुष्परिणाम नाही' हे म्हणणे त्या एका आकड्याने निकालात निघते.

हे फलित उत्साहजनक आहे, पण त्यावर मनोरा रचता येत नाही. ज्यांना नुसत्या पिठाच्या गोळ्या दिल्या असा तिसरा गट तेथे नव्हता. त्यामुळे आपोआप येणारी ओहोटी किती आणि औषधाचा गुण किती हे वेगळे करता येत नाही. शिवाय चार आठवडे हा अल्प काळ आहे. गुडघ्याचे दुखणे वर्षानुवर्षांचे असते, आणि मूत्रपिंडाला होणारा अपायही वर्षांनीच कळतो. दूह्वोतील व इतर मुळांतील काही द्रव्ये प्रयोगशाळेत दाह कमी करतात, उंदरांच्या सांध्यावर अनुकूल परिणाम करतात, हेही खरे आहे. पण काचेच्या बशीतली पेशी म्हणजे जिना चढणारा गुडघा नव्हे.

आणखी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. 'हाडे आणि सांधे' हे दोन शब्द जाहिरातीत नेहमी जोडीने येतात. रोग मात्र निरनिराळे आहेत. झिजेच्या विकारात सांध्यातली गुळगुळीत कूर्चा खराब होते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे ती सहजासहजी भरून येत नाही. आमवातात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. तेथे वेळीच योग्य औषध दिले नाही तर बोटे वाकडी होतात. गाउटमध्ये युरिक आम्लाचे स्फटिक साचतात. आणि म्हातारपणी, विशेषतः स्त्रियांची पाळी थांबल्यावर, हाडे विरळ होतात हा चौथाच प्रकार. त्यात दुखत काहीच नाही, मनुष्य न्हाणीघरात घसरून पडतो आणि खुब्याचे हाड मोडते तेव्हा कळते. सुन सिम्याओने आपला काढा जुनाट कंबर-गुडघेदुखीसाठी सांगितला. तो विरळ हाडे भरून काढतो किंवा आमवात थांबवतो, असे म्हणण्यास आधार नाही. आमवाताच्या रोग्याने पहिले वर्ष असल्या प्रयोगात घालवले तर त्या वर्षात झालेली सांध्याची हानी मागाहून भरून येत नाही.

घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

मग या सगळ्याचा सामान्य गृहस्थाने काय बोध घ्यावा? औषध चिनी आहे म्हणून टाकाऊ नाही आणि प्राचीन आहे म्हणून निर्धोकही नाही. कोणी असा काढा किंवा गोळ्या पुढे केल्या तर काही साधे प्रश्न विचारावेत. माझे दुखणे नेमके कोणते, याचे निदान झाले आहे काय? पुडीतल्या प्रत्येक वनस्पतीचे पूर्ण शास्त्रीय नाव व तिचा कोणता भाग घेतला हे लिहिले आहे काय? त्यात अरिस्टोलोकिया कुळातले काही आहे काय? मूत्रपिंड किंवा यकृत आधीच दुबळे असेल, तर असले औषध न घेणेच बरे. गर्भवतीने तर न्यू-शीपासून दूर राहावे, असे चिनी वैद्यच सांगतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तांग-ग्वेने तिचा परिणाम वाढू शकतो. रक्तदाबाच्या माणसाला ज्येष्ठमध फार दिवस व फार प्रमाणात चालत नाही. त्याने रक्तदाब वाढतो आणि रक्तातले पोटॅशियम उतरते. यास्तव जे घेता ते आपल्या डॉक्टरला सांगणे हा संकोचाचा विषय होऊ नये.

एक सावधगिरी आणखी. एखाद्या 'निव्वळ वनस्पतींच्या' पुडीने दोन दिवसांत जादूसारखा गुण आला, तर आनंदापेक्षा संशय अधिक धरावा. मुळांचा गुण सावकाश येतो, हे आपण वर पाहिलेच. सांधेदुखीवरच्या अशा काही पूरक गोळ्यांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक लपवून घातलेले आढळल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली जाहीर केले. असले स्टेरॉइड नकळत महिनोन्‌महिने पोटात गेले तर हाडे उलट ठिसूळ होतात, रक्तातली साखर चढते, आणि एकदम बंद केल्यास प्राणावर बेतते. हाडे बळकट करायला निघालेला मनुष्य ती आपल्याच हाताने पोखरीत असतो.

आणि आता सुन सिम्याओच्या ग्रंथातले दुसरे एक पान. काढ्याच्या पानाइतके ते प्रसिद्ध नाही, पण आपल्या दृष्टीने अधिक मनोरंजक आहे. त्यात त्याने अठरा हालचालींचा एक व्यायाम दिला आहे, आणि त्याला 'भारत देशाचा, ब्राह्मणांचा प्रकार' असे नाव दिले आहे. हात एकमेकांत गुंफून पिळणे, मांड्या दाबणे, कंबर वळवणे, बसून पाय लांब करणे, अशा त्या हालचाली. वृद्धांनीही त्या रोज कराव्यात, असे तो सांगतो. बौद्ध भिक्षूंच्या व व्यापाऱ्यांच्या वाटेने जे ज्ञान भारतातून चीनला गेले, त्याची ही एक खूण.

आज गुडघ्याच्या झिजेवर ज्या उपायांना भक्कम आधार मिळाला आहे, त्यांत मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम आणि अतिरिक्त वजन कमी करणे हे अग्रभागी आहेत. सांध्याचा भार बळकट स्नायू वाटून घेतात, आणि चालण्याफिरण्याने हाडालाही आपण अजून उपयोगाचे आहोत हे कळते; भार न पडणारे हाड शरीर हळूहळू काढून घेते. हा उपाय फुकट आहे, त्यात भेसळ होत नाही आणि त्याच्या नावाचा घोटाळाही होत नाही. म्हणूनच की काय, त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

पंधरा मुळांचा काढा लिहिणाऱ्या वैद्याने हे दुसरे पानही लिहिले होते, आणि दोन्ही पाने एकाच ग्रंथात बांधली होती. बाजाराने त्यातले एकच पान फाडून घेतले, कारण ते बाटलीत भरता येते. दुसरे पान आपल्या वाट्याला उरले आहे. उद्या सकाळी खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, मनात दहा आकडे मोजेपर्यंत तसाच ताठ धरावा, मग दुसरा. सांधा सुजलेला किंवा तापलेला असेल तर मात्र आधी डॉक्टरला दाखवावा.